दृष्टीआडची सृष्टी : अतिजीविता-फलनाचा इतिहास आणि अपुऱ्या नोंदींचा प्रश्न

१. प्रश्नाचे स्वरूप

साहित्याचा इतिहास लिहिणाऱ्या अभ्यासकाच्या हाती जी सामग्री असते, ती उरलेली सामग्री असते. लिहिले गेलेले सर्व त्याच्यापर्यंत पोचत नाही. वाळवी, आग, पावसाळे, घरोघरच्या वाटण्या, स्थलांतरे आणि उपेक्षा यांतून जी पोथी वाचली, तीच त्याच्या सूचीत येते. आणि या उरलेल्याच्या आधारे त्याला एकंदर वाङ्मयव्यवहाराविषयी विधाने करावी लागतात. ही अडचण आपल्या विद्याशाखेची खास अडचण आहे, असे आपण बहुधा गृहीत धरतो. वस्तुतः संख्याशास्त्र गेली साडेतीनशे वर्षे हिच्याशीच झगडत आले आहे, आणि त्या झगड्यातून त्याने जे साधन घडवले ते अतिजीविता-फलन होय.

‘फलन’ हा शब्द येथे गणितातील अर्थाने घ्यावयाचा आहे. एखाद्या निश्चित आरंभबिंदूपासून अमुक इतका काळ लोटल्यानंतरही ज्यांचा ‘शेवट’ झालेला नाही, अशांचे प्रमाण या फलनाने सांगितले जाते. आरंभी हे प्रमाण एक असते. काळ सरकतो तसे ते उतरत जाते आणि एकदा उतरले की पुन्हा कधीच चढत नाही. शेवट म्हणजे मृत्यूच असला पाहिजे असे नाही. रोग उलटणे, दिवा जळून जाणे, पूल खचणे, कर्ज थकणे, संप मिटणे, यांपैकी कोणतीही घटना शेवट म्हणून ठरवता येते. म्हणूनच वैद्यक, विमा, यंत्रशास्त्र, परिस्थितिविज्ञान आणि समाजशास्त्र अशा परस्परांपासून दूर असलेल्या क्षेत्रांत एकच वक्ररेषा काढली जाते.

प्रस्तुत निबंधात या संकल्पनेचा इतिहास मुख्यतः महाराष्ट्राच्या संदर्भात मांडावयाचा आहे. निबंधाचे प्रतिपाद्य असे की, या साधनाचे खरे मोल मरणाची मोजदाद करण्यात नसून, ज्याचा शेवट आपल्याला ठाऊक नाही अशा नोंदीला योग्य तेवढेच वजन देण्यात आहे. मात्र हे वजन एका गृहीतकावर उभे असते. आणि ते गृहीतक जेथे ढासळते, तेथे नेमका दुर्बळांवर अन्याय होतो. साहित्येतिहासाला या दोन्ही गोष्टींपासून शिकण्यासारखे आहे.

२. मृत्युपत्रकांपासून विमाव्यवसायापर्यंत

या इतिहासाचा आरंभ सामान्यतः जॉन ग्राँट या लंडनच्या कापड-व्यापाऱ्याच्या १६६२ मधील ग्रंथापासून धरतात. लंडनमध्ये दर आठवड्यास मृत्युपत्रके निघत. त्यांत मृत्यूचे कारण नोंदलेले असे, वय मात्र नसे. ग्राँटने कारणांवरून वयाचा अदमास बांधला आणि जन्मलेल्या शंभरांपैकी किती जण कोणत्या वयापर्यंत उरतात याचे कोष्टक दिले : सहाव्या वर्षी ६४, सोळाव्या वर्षी ४०, सव्विसाव्या वर्षी २५, आणि शहात्तराव्या वर्षी अवघा एक. हे आकडे काटेकोर निरीक्षणाचे नव्हते. तथापि मृत्यूची यादी उलट बाजूने वाचून तीतून हयातीची रेषा काढता येते, ही दृष्टी नवी होती. १६९३ मध्ये खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅले याने ब्रेस्लाउ (आजचे पोलंडमधील व्रोत्सवाफ) या शहराच्या नोंदींवरून अधिक भरवशाची आयुर्मान सारणी तयार केली. या नोंदींत वये होती. हॅलेने तिच्या आधारे वर्षासने कोणत्या वयास कोणत्या किमतीला विकावीत हे दाखवून दिले. १८२५ मध्ये बेंजामिन गाँपर्ट्झ याने प्रौढ वयात मृत्यूचा धोका वयाबरोबर भूमिती श्रेणीने वाढत जातो असा नियम मांडला. येथे प्रथमच ‘किती उरले’ या प्रश्नाच्या जोडीला ‘आजवर जो उरला आहे त्याला या क्षणी धोका किती’ हा दुसरा प्रश्न स्पष्ट झाला. पुढील सर्व विवेचन या जोडीवर उभे आहे.

भारतात ही रेषा विम्याच्या वाटेने आली आणि येताना वसाहतीची उतरंड घेऊन आली. एकोणिसाव्या शतकातील युरोपीय विमा-कंपन्या हिंदी माणसाचे आयुष्य कमी प्रतीचे धरून त्यावर जादा हप्ता आकारीत. १८७० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बाँबे म्युच्युअल या संस्थेने हिंदी विमेदारांस सर्वसाधारण दराने विमा देण्यास आरंभ केला, म्हणून आपल्या विमाव्यवसायाच्या इतिहासात तिचे स्थान महत्त्वाचे आहे. सारणी निर्विकार दिसते. परंतु कोणाची आयुष्ये कोणत्या सारणीत मोजावयाची हा निर्णय सारणीच्या बाहेर घेतला जातो. पुढे येणाऱ्या प्रत्येक उदाहरणात हा निर्णय वेगळ्या वेषात भेटेल.

३. प्लेग : पळून गेलेल्यांची नोंद

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ग्रंथिक प्लेगचे निदान केले. त्यानंतरच्या काही महिन्यांत लाखो लोक शहर सोडून गेले. सक्तीच्या तपासण्या, विलगीकरणाच्या छावण्या आणि घरात घुसणारे शोधपथक यांच्या धास्तीने रोगी लपवले जाऊ लागले. पुण्यात या असंतोषाचा परिणाम २२ जून १८९७ रोजी रँडवर झालेल्या गोळीबारात झाला, हे सर्वज्ञात आहे. त्याच वर्षी १० मार्च रोजी प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांचा मृत्यू झाला. त्यांची तारीख इतिहासाला ठाऊक आहे. परंतु मुंबईची चाळ सोडून कोकणातल्या गावी गेलेला आणि तेथे दगावलेला गिरणी-कामगार मुंबईच्या मृत्युपत्रकात येत नाही. मुंबईच्या दृष्टीने तो केवळ नाहीसा झाला. मुंबईच्या नोंदीवर विसंबणाऱ्याला तो वाचलाच असे वाटेल.

याच काळात वाल्देमार हाफकीन मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार करीत होते. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा तेथील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती टोचली गेली. टोचलेले आणि न टोचलेले कैदी एकाच भिंतीआड, एकाच अन्नावर आणि एकाच काळात राहत होते, हे या तुलनेचे बळ होते. १८९८ मध्ये बडोदा संस्थानातील उंढेरा गावी हाफकीन यांनी प्रत्येक कुटुंबातील सुमारे निम्म्या माणसांना लस टोचून तुलना केली. तिचा हेतूही हाच, घर, हवा, पाणी आणि धोक्याचा काळ दोन्ही बाजूंस सारखा राहावा असा होता.

या तुलनांचे तत्त्व पुढे १९१५ मध्ये मेजर ग्रीनवुड आणि उडनी यूल यांनी विषमज्वर व कॉलरा यांच्या लसींच्या आकड्यांचे परीक्षण करताना नेमके केले. साथ अर्ध्यावर आल्यानंतर टोचून घेणारा माणूस तोवर जिवंत राहिला म्हणूनच टोचून घेऊ शकला. त्याच्या हयातीचे ते आधीचे दिवस लसीच्या खात्यावर जमा केले, तर लस आहे त्याहून गुणकारी भासते. सारांश, किती जण उरले एवढे विचारून भागत नाही. कोण, केव्हापासून आणि किती काळ धोक्याच्या छायेत होता, हे विचारावे लागते.

४. शेवट ठाऊक नसलेल्यांचे गणित

दरवर्षी नोव्हेंबर महिन्यात निवृत्तिवेतनधारक हयातीचा दाखला सादर करतात. त्या दाखल्याचा अर्थ नेमका आणि मर्यादित असतो : अमुक तारखेस ही व्यक्ती जिवंत होती. पुढल्या वर्षी दाखला आला नाही तर निवृत्तिवेतन थांबते, परंतु ती व्यक्ती वारली असे त्यावरून सिद्ध होत नाही. कायद्याला मात्र कोठेतरी रेघ ओढावी लागते. सात वर्षे ज्याची वार्ता नाही, तो हयात आहे हे सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर पडतो, हे १८७२ च्या पुरावा अधिनियमातील तत्त्व २०२४ मध्ये लागू झालेल्या नव्या साक्ष अधिनियमातही कायम आहे.

मराठ्यांच्या इतिहासात अशा अनिश्चित शेवटाचे सर्वांत गाजलेले उदाहरण सदाशिवरावभाऊंचे आहे. १४ जानेवारी १७६१ नंतर भाऊसाहेबांचे काय झाले याविषयी पुण्यात दीर्घकाळ संशय राहिला. पार्वतीबाईंनी वैधव्य स्वीकारले नाही. पुढे भाऊसाहेब म्हणवणारा तोतया उभा राहिला, त्याला अनुयायी मिळाले, आणि अखेरीस १७७६ मध्ये त्याला देहान्त शासन झाले. न. चिं. केळकरांनी त्यावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिले. या प्रकरणात नोंदीची तीन वाचने परस्परांसमोर उभी राहिली : ज्याची वार्ता नाही तो मेला, ज्याची वार्ता नाही तो जिवंत आहे, आणि ज्याची वार्ता नाही त्याचे नावच यादीतून काढावे. तिन्ही वाचने आपल्या जागी समजण्यासारखी आहेत आणि तिन्ही दोषास्पद आहेत.

संख्याशास्त्राने चौथे वाचन शोधले. १९५८ मध्ये एडवर्ड कॅप्लन आणि पॉल मायर यांनी अपूर्ण निरीक्षणांवरून अतिजीविता-फलन काढण्याची रीत प्रसिद्ध केली. कॅप्लन बेल प्रयोगशाळेत दूरध्वनीच्या वाहिन्यांमधील निर्वात नळ्या किती काळ टिकतात याचा विचार करीत होते, तर मायर कर्करोगाच्या रुग्णांचा. दोघांची टिपणे एकाच नियतकालिकाकडे गेली आणि संपादकांच्या सूचनेवरून एकच लेख तयार झाला. नळी आणि रुग्ण यांच्यासाठी एकच हिशेब लागू पडावा, यात या संकल्पनेची व्याप्ती दिसते.

रीत साधी आहे. समजा, दहा रुग्णांची नोंद ठेवली. तिसऱ्या महिन्यात एक दगावला. पाचव्या महिन्यात दोघे गाव सोडून गेले आणि पुन्हा दिसले नाहीत. आठव्या महिन्यात आणखी एक दगावला. बेपत्ता दोघांना मृत धरले तर दहांपैकी सहा, म्हणजे ६० टक्के उरतात. जिवंत धरले तर ८० टक्के. यादीतून गाळले तर आठांपैकी सहा, म्हणजे ७५ टक्के. कॅप्लन-मायर रीतीत प्रत्येक मृत्यूच्या वेळी ‘या क्षणी नजरेसमोर किती होते’ एवढेच विचारतात. तिसऱ्या महिन्यात दहा होते, त्यांतले नऊ उरले. आठव्या महिन्यात सात होते, त्यांतले सहा उरले. नऊ-दशांश आणि सहा-सप्तमांश यांचा गुणाकार सुमारे ७७ टक्के येतो. बेपत्ता दोघांनी तिसऱ्या महिन्याच्या हिशेबात साक्ष दिली; आठव्या महिन्यात ते साक्षीला नव्हते, म्हणून तेथे त्यांना धरले नाही. जेवढा काळ दिसले तेवढी त्यांची साक्ष पूर्णतः ग्राह्य, आणि त्यापुढे त्यांच्या नावे कोणतेही विधान नाही.

इंग्रजी संज्ञेत अशा नोंदीला ‘सेन्सॉर’ झालेली नोंद म्हणतात. ही शब्दयोजना साहित्याच्या अभ्यासकाला विचारात पाडणारी आहे, कारण आपल्याकडे सेन्सॉर म्हणजे मजकुरावर चालणारी कात्री. येथे कात्री काळावर चाललेली असते. आधीचा मजकूर शाबूत असून पुढची पाने मिळत नाहीत. प्रस्तुत निबंधात तीस ‘खंडित नोंद’ म्हटले आहे. १९७२ मध्ये डेव्हिड कॉक्स यांनी या पायावर दोन गटांतील धोक्याचे गुणोत्तर काढण्याची रीत दिली आणि वैद्यकीय संशोधनातील तुलनांना आजचे रूप आले.

मात्र या सर्व हिशेबाखाली एक गृहीतक आहे : माणूस नजरेआड होण्याचा आणि त्याच्या मरणाचा परस्परांशी संबंध नसावा. बदली होऊन गेलेला कारकून हे गृहीतक पाळतो. शेवटच्या अवस्थेत, पैसे संपल्यामुळे गावी परत नेलेला रुग्ण ते मोडतो. तो नजरेआड झाला त्याचे कारणच त्याचे मरण जवळ आले हे असते. प्लेगच्या मुंबईतून पळालेल्यांची गोष्ट हीच होती.

५. यंत्रांची हयात : मारतहळ्ळीच्या परिसरातून

प्रस्तुत निबंध बेंगळुरूच्या पूर्वेकडील मारतहळ्ळी येथे लिहिला गेला. हे नाव ऐकताच मराठी माणसाला ‘मराठ्यांची हळ्ळी’ असे वाटते आणि १६३८ नंतर शहाजीराजांकडे आलेल्या बंगळूरच्या जहागिरीशी ते जोडण्याचा मोह होतो. कानडी लेखनात मात्र ‘ठ’ नसून ‘त’ आहे. गावाचे नाव शेजारच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात घडलेल्या ‘मारुत’ या विमानावरून पडले, अशीही एक लोकप्रिय उपपत्ती सांगितली जाते. कुर्ट टांक यांच्या आराखड्यानुसार बनलेले हे लढाऊ विमान १७ जून १९६१ रोजी प्रथम उडाले, एकूण १४७ विमाने तयार झाली, आणि १९७१ च्या युद्धात ती वापरली गेली. या उपपत्तींचा निवाडा येथे करावयाचा नाही. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते विमानविद्येचे या परिसरातील वास्तव्य, कारण धातूचा भाग किती तासांच्या उड्डाणानंतर निकामी होईल हा प्रश्न अतिजीविता-फलनाचाच प्रश्न आहे. फरक इतकाच की, येथे नोंद जाणूनबुजून खंडित केली जाते. भाग मोडण्याची वाट न पाहता ठरलेले तास भरले की तो बदलतात. न मोडलेल्या भागांवरून मोडण्याचा अंदाज बांधणे हे या शास्त्राचे नित्याचे काम होय.

त्यासाठी सर्वाधिक वापरले जाणारे सूत्र वालोद्दी वायबुल या स्वीडिश अभियंत्याच्या नावाने ओळखले जाते. १९५१ च्या आपल्या प्रसिद्ध लेखात त्यांनी सूत्राची व्यापकता दाखवण्यासाठी जी उदाहरणे घेतली, त्यांत बोफोर्स पोलाद आहे, घेवड्याच्या दाण्यांची रुंदी आहे आणि हिंदी कापसाच्या तंतूचे बळही आहे. पोलाद आणि कापसाचा तंतू एकाच रेषेत बसतात, कारण दोन्ही आपल्या सर्वांत दुबळ्या जागी तुटतात.

६. बार्शी आणि उस्मानाबाद : पाठपुराव्याची किंमत

यंत्राचा भाग कारखान्यात हाताशी असतो. माणूस तसा नसतो, आणि म्हणून माणसांच्या बाबतीत अतिजीविता-फलनाचा कस पाठपुराव्यात लागतो. १९६३ मध्ये भारतीय कर्करोग संस्थेने मुंबईत कर्करोग नोंदवही सुरू केली. एखाद्या भागातील संपूर्ण लोकसंख्येतील रुग्ण नोंदवणारी ती भारतातील पहिली नोंदवही. पाश्चात्त्य देशांत अशी नोंदवही मृत्युनोंदणीशी जुळवली की रुग्णाचे पुढे काय झाले हे घरबसल्या कळते. आपल्याकडे मृत्यूचा दाखला निघतोच असे नाही, निघाला तर त्यावर कारण असतेच असे नाही, आणि नावांचे लेखन तर दर कागदावर बदलते. अशा स्थितीत ज्यांचा मृत्यू नोंदीत सापडला नाही ते सर्व जिवंत, असे धरले तर अतिजीविता भरघोस दिसते. ती उपचारांची किमया नसून नोंदणीतील भोकांची असते.

१९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी आणि लगतचे परांडा व भूम हे तालुके मिळून भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदवही उभी राहिली. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयात तिचे केंद्र होते. रुग्णालयात येणाऱ्यांची वाट पाहणे येथे पुरेसे नव्हते. बहुतेक रुग्ण निदानापर्यंत पोचतच नसत. म्हणून कार्यकर्ते गावोगाव जाऊन लोकांशी बोलत, लक्षणे समजावून सांगत, संशयित रुग्णांना तपासणीस आणत आणि पुढे घरी जाऊन त्यांची विचारपूस करीत. याचा एक परिणाम नोंदीपलीकडचा होता. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे निदान पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत होऊ लागल्याचे कस्तुरी जयंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवून दिले. येथे मोजणाऱ्याच्या येण्याजाण्याने मोजली जाणारी गोष्टच बदलली.

२०११ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने आफ्रिका, आशिया, कॅरिबियन आणि मध्य अमेरिका येथील अतिजीवितेचा जो तुलनात्मक ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात मुंबई, चेन्नई, भोपाळ आणि करुनागप्पळ्ळी यांच्याबरोबर बार्शी होती. बेपत्ता झालेल्या रुग्णांसाठी रेषा कशी दुरुस्त करावी याचीही चर्चा त्यात आहे. वय, रोगाची अवस्था, शिक्षण यांनुसार बेपत्ता होण्याचे प्रमाण बदलत असेल, तर त्या त्या गटाला वेगळे वजन द्यावे लागते. दुष्काळी पट्ट्यात आणि ऊसतोडीसाठी दसऱ्यानंतर बिऱ्हाडे हलवणाऱ्या प्रदेशात ही दुरुस्ती किती निकडीची आहे, हे वेगळे सांगावयास नको.

याच भूमीत पुढे मोठा प्रयोग झाला. उस्मानाबाद जिल्ह्यात (२०२३ पासून धाराशिव) १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचा समावेश असलेल्या गावांचे ५२ समूह चिठ्ठ्या टाकाव्यात तशा रीतीने चार गटांत वाटण्यात आले. तीन गटांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी प्रत्येकी वेगळ्या पद्धतीने एकदाच तपासणी झाली. चौथा गट तुलनेसाठी ठेवला, त्याला केवळ नेहमीची उपलब्ध आरोग्यसेवा मिळाली. एप्रिल २००९ मध्ये रेंगस्वामी शंकरनारायणन, भगवान नेने आणि सहकाऱ्यांनी आठ वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. विषाणूची चाचणी झालेल्या ३४,१२६ स्त्रियांत या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले होते, तुलनेच्या गटातील ३१,४८८ स्त्रियांत ६४. धोक्याचे गुणोत्तर ०.५२ आले. एका तपासणीने मृत्यूचा धोका जवळपास निम्मा होतो, ही गोष्ट एका मराठी जिल्ह्याने जगाला दिली, आणि जगातील तपासणी-धोरणे ठरवताना तिचा आधार घेतला गेला.

तथापि याच आकड्यांनी तीव्र नैतिक वादही उभा केला. तपासणीचा उपयोग ठाऊक असताना हजारो स्त्रियांना तपासणीविना ठेवून त्यांचे मृत्यू मोजणे योग्य होते काय, असा आक्षेप घेतला गेला. २०१४ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’मध्ये त्याची सविस्तर चर्चा झाली. प्रयोगाच्या बाजूने असे म्हटले गेले की, त्या काळी ग्रामीण भारतात कोणतीच नियमित तपासणी उपलब्ध नव्हती आणि येथे कोणती पद्धत उपयोगी पडेल हे येथेच सिद्ध होणे आवश्यक होते. प्रस्तुत लेखकास आक्षेपाचे वजन अधिक वाटते. कोणती सेवा ‘नेहमीची’ हे ठरवणे म्हणजे विमा-कंपनीने हिंदी आयुष्याची प्रत ठरवण्यासारखेच, सारणीबाहेरचा निर्णय घेणे आहे. दोन रेषांमधील अंतर जितके स्पष्ट, तितकी खालच्या रेषेतील स्त्रियांनी त्या ज्ञानाची दिलेली किंमत मोठी. ज्ञान खरे आहे, आणि त्याचे देणेही खरे आहे.

७. ग्रंथांची अतिजीविता

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ग्रंथांना हा विचार लावण्याचे प्रयत्न झालेले आहेत. १९८७ मध्ये मायकेल वाइट्झमन यांनी हस्तलिखित-परंपरेकडे प्रतींच्या जन्ममृत्यूंची प्रक्रिया म्हणून पाहिले. २००५ मध्ये जॉन सिस्ने यांनी मध्ययुगीन प्रतींना एखाद्या प्राणिसमूहाचे गणित लावले. २०२२ मध्ये माइक केस्टेमाँट, आन चाओ आणि सहकारी यांनी मध्ययुगीन युरोपातील वीरकथांचा विचार करताना न दिसलेल्या प्राणिजातींचा अंदाज घेण्याची परिस्थितिविज्ञानातील रीत वापरली. त्यांच्या अंदाजानुसार सुमारे ६८ टक्के कृती आज एका तरी प्रतीत उरल्या आहेत, पण हस्तलिखिते मात्र अवघी ९ टक्के. आयर्लंड आणि आइसलँड येथील परंपरा अधिक टिकल्या, इंग्रजी पुष्कळच कमी. कृती उरणे आणि प्रत उरणे या भिन्न गोष्टी आहेत, हा यातील महत्त्वाचा धडा.

मराठीत हा हिशेब जसाच्या तसा लावता येईल काय? प्रती परस्परांपासून स्वतंत्रपणे मरतात असे धरणे आपल्याकडे धोक्याचे आहे. ज्ञानेश्वरीच्या प्रती एकनाथांच्या शके १५०६ मधील (इ. स. १५८४) शुद्धीकरणानंतर मुख्यतः त्या पाठाच्या वळणाने चालल्या, प्रमाण पाठ सिद्ध होताच जुन्या पाठाच्या नकला करण्याचे कारणच उरले नाही. संप्रदाय, मठ आणि घराणी यांनी प्रतींचे आयुष्य एकत्र बांधलेले असते. एक वाडा जळाला की परंपरेची एक शाखाच जाते.

याहून बोधप्रद उदाहरण महानुभावांचे आहे. संप्रदायाने आपले ग्रंथ सकळ आदी सांकेतिक लिप्यांत नोंदवले आणि बाहेरच्यांपासून राखले. एकोणिसाव्या शतकातील विद्वानाच्या दृष्टीने हे वाङ्मय जवळपास अस्तित्वात नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला, वि. ल. भावे यांच्या ‘महाराष्ट्र सारस्वता’च्या १९१९ च्या आवृत्तीत या वाङ्मयाला स्थान मिळाले, आणि मराठी गद्याचा आरंभकाळच नव्याने लिहावा लागला. हे ग्रंथ मेलेले नव्हते. त्यांची नोंद बाहेरच्यांसाठी खंडित होती, आणि ती खंडित होण्याचे कारण यदृच्छा नसून भय आणि निष्ठा हे होते. दृष्टीआड सृष्टी ही म्हण आपण उदासीनतेने वापरतो. येथे सृष्टी दृष्टीआड राहिली म्हणूनच टिकली. खुद्द ‘लीळाचरित्रा’विषयी परंपरा सांगते की, मूळ प्रत परचक्रात हरवली आणि पुढे स्मरणाच्या आधारे ग्रंथ पुन्हा सिद्ध झाला. प्रत मरूनही कृती उरण्याचा हा प्रकार कोणत्याही गणिती नमुन्यात सहज बसत नाही.

आणखी एक भेद येथे करावा लागतो. बार्शीत निदानापूर्वीच दगावलेली स्त्री अतिजीवितेच्या रेषेत येतच नाही. तिची नोंद खंडितसुद्धा नाही, कारण ती कधी सुरूच झाली नाही. साहित्यात असे अदृश्य क्षेत्र फार मोठे आहे. महदंबेचे ‘धवळे’ उरले कारण संप्रदायाने ते जपले. जात्यावर रचल्या गेलेल्या ज्या ओव्या कोणीच टिपल्या नाहीत, त्यांचा हिशेब उरलेल्या पोथ्यांच्या कोणत्याही अभ्यासातून निघणार नाही. तेव्हा साहित्येतिहासात मौनाचे तीन प्रकार वेगळे ओळखले पाहिजेत : जे नष्ट झाल्याचा पुरावा आहे ते, जे शेवटचे अमुक ठिकाणी दिसले आणि नंतर दिसले नाही ते, आणि जे कोणत्याही नोंदीत शिरण्यापूर्वीच संपले ते. आपल्या वाङ्मयेतिहासांत या तिघांसाठी ‘अनुपलब्ध’ हा एकच शब्द वापरला जातो.

८. निष्कर्ष

अतिजीविता-फलनाचा इतिहास पाहता दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, अपुरी नोंद टाकाऊ नसते. तिची साक्ष जेथवर आहे तेथवर पूर्ण ग्राह्य असते. दुसरी, नोंद अपुरी का राहिली हे विचारल्याशिवाय ती वापरता येत नाही. कारण नजरेआड होणे हे पुष्कळदा गरिबीचे, भीतीचे अथवा सक्तीचे फळ असते. प्लेगच्या मुंबईतून पळालेला कामगार, ऊसतोडीला गेलेली रुग्ण स्त्री आणि सांकेतिक लिपीत लपलेली पोथी यांची तुलना करण्याचा आधार एवढाच, आणि तो पुरेसा आहे.

याची व्यावहारिक फलश्रुती लहान पण उपयुक्त आहे. आपल्या हस्तलिखित-सूचींत आज कर्ता, विषय, पत्रसंख्या आणि लेखनकाळ यांचे रकाने असतात. त्यांत आणखी तीन रकाने वाढवावेत : प्रत प्रथम कोणी व केव्हा पाहिली, शेवटची कोणी व केव्हा पाहिली, आणि त्यानंतर ती का दिसली नाही. जुन्या याद्यांतून, प्रस्तावनांतून आणि संशोधकांच्या पत्रव्यवहारातून ही माहिती पुष्कळशी जुळवता येण्याजोगी आहे. ती जुळली तर मराठी ग्रंथांची अतिजीविता-रेषा काढता येईल. आणि न काढता आली तरी कोणत्या पोथीचा शोध अजून घ्यावयाचा आहे, हे निदान आपल्याला कळेल.